दांड्यावरचे पीठ

मित्रांनो, मी एक जुने स्लॉट मशीन आहे. जुगाराचे यंत्र म्हटल्याबरोबर तुमच्या घरच्यांच्या कपाळावर आठ्या पडतील, हे मला ठाऊक आहे. पण भिऊ नका. माझ्या पोटात पडणारी नाणी आता ज्या बिस्किटांच्या डब्यातून येतात त्याच डब्यात परत जातात. मी कोणाला लुटत नाही. पूर्वी लुटत होते, खोटे कशाला बोलू?

शिकागोच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पोटात तीन चक्रे, त्यांवर चेरी, लिंबे आणि घंटा, आणि उजव्या कुशीला काळ्या मुठीचा दांडा. तरुणपण मी रीनो शहरातल्या एका जुगारघरात काढले. लोक माझ्यासमोर हसत, रडत, शिव्या देत. एका बाईने तर भर गर्दीत माझा मुका घेतला होता. पुढे बिनदांड्याची, नुसत्या बटणांची मशीने आली आणि आम्हा जुन्यांना कोणी विचारेना. एका दुरुस्तीवाल्याने मला घासूनपुसून घरात ठेवण्याजोगे केले आणि मी पेन्सिल्वेनियातल्या एका नदीकाठच्या पोलाद-कारखान्यांच्या गावात, हुडाक कुटुंबाच्या तळघरात येऊन पडले.

मला आणवले व्हेरोनाने. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ती निवृत्त झाली तेव्हा एमिलने, तिच्या नवऱ्याने, "काय हवं ते माग" म्हटले. दुसरी एखादी समुद्रकिनारी फिरायला गेली असती. हिने मला मागितले! तिची धाकटी बहीण अ‍ॅग्नेस हिने तर कपाळाला हातच लावला.

"चर्चमध्ये मेणबत्त्या लावणारी बाई तू, आणि घरात जुगार?"

"चर्चच्या हॉलमध्ये दर बुधवारी पैसे लावून बिंगो खेळतेस तेव्हा देव डोळे मिटून बसतो वाटतं?" व्हेरोना म्हणाली. अ‍ॅग्नेसने विषय बदलला. तसे फार वेळा घडत नाही.

हुडाकांचे खरे स्वयंपाकघर तळघरातच होते. वरचे पाहुण्यांना दाखवायचे. खालच्या जुन्या गॅसवर खरा स्वयंपाक. तिथे व्हेरोना पिरोही करायची. बटाटा आणि चीज भरलेल्या, आपल्या करंज्यांसारख्या, पण पाण्यात उकळून लोण्यात परतलेल्या. एक घाणा पाण्यात सोडला की ती माझ्याकडे यायची, नाणे टाकायची आणि पिठाच्याच हाताने दांडा ओढायची. पिरोही वर तरंगेपर्यंत खेळ, मग पुन्हा लाटणे. त्यामुळे माझा दांडा कायम पांढरा असे. एमिल ओरडायचा, "अगं, हात तरी धू! सांध्यात पीठ जातंय!"

"जाऊ दे. त्यालाही भूक लागत असेल," ती म्हणायची.

झोपायला जाताना ती मला कधी बंद करत नसे. तळघरात उजेड असला की घर जागे आहे असे वाटते, असे तिचे म्हणणे. मित्रांनो, माझे इतके लाड रीनोतही झाले नव्हते.

मग व्हेरोना आजारी पडली आणि गेली. तिच्यामागे एमिलने मला बंद केले नाही, पण दांडाही कधी ओढला नाही. फडक्याने मला पुसायचा. दांडा इतका चकचकीत झाला की माझा मलाच ओळखू येईना. माझ्या शेजारच्या पेटीसारख्या फ्रीझरमध्ये तिने केलेल्या पिरोहींची शेवटची पिशवी होती. एमिल कधीतरी झाकण उघडून ती पिशवी बघायचा आणि झाकण लावायचा. अ‍ॅग्नेसने एकदा ती बाहेर काढायचा विषय काढला, तर तो चार दिवस तिच्याशी बोलला नाही.

यंदा मार्चमध्ये बर्फ वितळले आणि दारातले पाणी तळघराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये शिरले. एमिलने पाणी ओढणारा जुना व्हॅक्यूम काढून ते उपसायला घेतले. व्हॅक्यूम घरघरत होता, तो एकदम थांबला. त्याच क्षणी माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला.

संध्याकाळी एमिलने मला विझलेले पाहिले. त्याने वायर काढून घातली, माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मग जिन्यावर बसून राहिला. तळघर इतके शांत मी कधी ऐकले नव्हते. त्या शांततेत काहीतरी कमी आहे असे वाटत होते, पण काय, ते मला उमजले नाही.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅग्नेस आली.

"भंगारवाल्याला फोन केलाय. उद्या येतोय," एमिल म्हणाला.

"कशाला?"

"हे मेलं. काल व्हॅक्यूमही मेला. या घरात सगळं मरतंच आहे."

"उघडून बघितलंस?"

"काय बघायचंय त्यात?"

"जन्मभर पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवलीस आणि एक डबा उघडायला घाबरतोस? किल्ली आण."

एमिल कुरकुरत किल्ली घेऊन आला. माझे दार उघडले. आतले बटण चालू होते. त्याने फ्यूज काढून खिडकीपाशी धरला. आतली तार शाबूत. वायर बोटांनी चाचपली. कुठे तुटलेली नाही. मग त्याचा हात दांड्याच्या आतल्या सांध्यावर गेला आणि तिथेच थांबला. बाहेरून त्याने मला लख्ख केले होते, पण सांध्याच्या आत पीठ घट्ट बसले होते. त्याने बोट लावले, बोटाकडे पाहिले आणि तोंड फिरवले.

"एमिल," अ‍ॅग्नेस हळूच म्हणाली, "तो टेबलावरचा दिवा या सॉकेटमध्ये लावून बघ."

दिवा लागला नाही. म्हणजे दोष माझ्यात नव्हताच! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत. एमिलने भिंतीवरची ब्रेकरची पेटी उघडली. सगळे खटके जागच्या जागी.

"मशीन नीट, खटके नीट, आणि वीज नाही. भूतच आहे."

"भूत कसलं? व्हॅक्यूम कधी मेला म्हणालास?"

"काल. हे मेलं त्याच दिवशी."

"दोघं एकाच दिवशी कसे मरतील रे? व्हॅक्यूम कुठे लावला होतास?"

एमिल तडक गॅरेजमध्ये गेला. मग रंगाचे डबे आणि फावडी बाजूला सारल्याचा आवाज मी गॅरेजमधून ऐकला. तिथे एक सॉकेट आहे, ओल लागली की आपणहून वीज तोडणारा. तो एमिलनेच बसवला होता आणि स्वतःच विसरला होता. पुढची सारी वीज त्याच्यामार्फत माझ्यापर्यंत येते. व्हॅक्यूमची ओली वायर काढून त्याने सॉकेटच्या मधले बाहेर आलेले बटण दाबले.

मी लागले! दिवे, घंटी, गरगरणारी चक्रे. अ‍ॅग्नेसने चक्क टाळ्या वाजवल्या. आणि माझ्या शेजारी एक घरघर सुरू झाली.

एमिल दारातच थबकला. "हाही बंद होता?"

फ्रीझर माझ्याच तारेवर होता. त्याला ना दिवा ना घंटी, म्हणून तो गप्प पडलेला कोणाला कळले नव्हते. एमिलने झाकण उघडले आणि पिशवी दोन्ही हातांत घेतली. ती वाकली. कडेच्या पिरोही मऊ झाल्या होत्या, मधल्या अजून बर्फ होत्या.

"परत गोठवतो."

"लगदा होईल. आज खाल्ल्या तर खाल्ल्या. उद्या फेकाव्या लागतील."

"तिच्या हातच्या आहेत, अ‍ॅग्नेस. संपल्या की संपल्या."

"तिने बघायला केल्या होत्या का त्या?" अ‍ॅग्नेस म्हणाली. "वेड्या, खायला केल्या होत्या. माझ्यासाठीपण."

एमिलने पिशवी टेबलावर ठेवली. मग त्याने स्वतः पातेले गॅसवर ठेवले.

पिरोही पाण्यात पडल्या, आणि काय करावे ते दोघांनाही सुचेना. अ‍ॅग्नेसने बिस्किटांचा डबा पुढे केला. एमिलने नाणे टाकले, दांडा ओढला. लिंबू, चेरी, लिंबू.

"हरलो," तो म्हणाला, आणि हसता हसता त्याला रडू कोसळले. पिरोही वर तरंगल्या होत्या.

त्या दोघांनी सगळ्या खाल्ल्या. ताटातले लोणीसुद्धा पुसून घेतले. भंगारवाल्याला 'येऊ नकोस' म्हणून कळवले. उठताना एमिलने विचारले, "व्हेरोना कणीक कशी मळायची?"

"पुढच्या शुक्रवारी पीठ आणते. हात धुऊन बस."

मित्रांनो, आता शेवटी माझी एक विनंती. एखादे जुने यंत्र गप्प झाले की त्याला लगेच मेलेले ठरवू नका. वीज कुठे अडली आहे ते आधी मागे मागे जाऊन शोधा. आणि आवडती वस्तू नुसती झाकून ठेवू नका, ती वापरा. एमिलच्या पिरोही अजून कडेला फाटतात. अ‍ॅग्नेस त्याला दर शुक्रवारी टोमणे मारते. तुम्ही कधी आमच्या तळघरात आलात तर मला खुशाल पुसा. दांडा मात्र राहू द्या. त्याला पुन्हा पीठ लागले आहे.