हादियाचा उजवा

मित्रांनो, मी एक जुनी पंचिंग बॅग आहे. पनवेलजवळच्या करंजाड्यातल्या एका गाळ्यात साखळीला टांगलेली असते. पुढे गैरसमज नको, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला तो चेंडू आवडत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. अय्यूब सरांचं पनवेलच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे आणि संध्याकाळी ते मुलामुलींना बॉक्सिंग शिकवतात. त्यांनी जाड खोळ शिवून घेतली आणि तिच्यात शिंप्याकडच्या चिंध्या आणि करंजा बंदरावरची टाकाऊ जाळी ठासून भरली. जाळी आधी धुवायची होती. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने धुतली. तेव्हापासून माझ्या अंगाला सुक्या बोंबलांचा वास येतो. गाळ्याबाहेरची मांजरं मला फार मानतात. तासन्‌तास समोर बसून माझ्याकडे बघतात. माणसांनी माझ्याकडे इतक्या आदराने कधी पाहिलेलं नाही.

गाळा अरुंद होता. मी झुलले की भिंतीवर आपटायचे, आणि भिंतीपलीकडे निनाद सरांची शिकवणी होती. एकदा ते हातात खडू घेऊनच आले.

"अय्यूबभाई, पोरांना वाटतं भूकंप झाला. एक जण बाकाखाली जाऊन बसलाय आणि बाहेर यायला तयार नाही. म्हणतो, खाली भूमिती नाही."

झालं. सरांनी मला खालून दोरीने जमिनीतल्या कडीला बांधून टाकलं. तरी मी थोडी हलायचे, तेव्हा प्राची नावाची मुलगी मागून मला मिठी मारून उभी राहायची. अशी मी जराही न हलता मार खाऊ लागले. मला वाटायचं, हा माझा भारदस्तपणा.

मग हादिया आली. मोहल्ल्यात राहणारी, अकरावीतली, बोलायला हळू. पण तिचा उजवा हात पडला की माझ्या पोटातली जाळी जागा बदलायची.

"हादिया, जरा बेताने," प्राची मागून म्हणायची. "बॅग मध्ये आहे म्हणून काय झालं? माझी दुपारची उसळ वर आली."

सर "माशाअल्ला" म्हणून पुढच्या मुलाकडे वळायचे. मी मात्र दिवसभर त्या ठोशाची वाट बघायचे. ठोशात ताकद असली की बाकी सगळं आपोआप येतं, असं माझं ठाम मत होतं. अर्थात, मी बांधलेली होते. बांधलेल्यांची मतं ठाम असतात.

गेल्या वर्षी ती जिल्ह्याच्या निवड स्पर्धेला अलिबागला गेली. समोर खारघरची ऋचा होती, उदबत्तीसारखी बारीक. तिन्ही फेऱ्या हादिया हवेत ठोसे मारत राहिली. ऋचा येऊन टिचकी मारल्यासारखा एक ठोसा द्यायची आणि निघून जायची. हादिया गुणांवर हरली. परत आली ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, ती थांबतच नव्हती. एका जागी उभी राहिली असती तर मारलं असतं ना."

"मग तिला तसं सांगायचं," प्राची म्हणाली. "ताई, दोन मिनिटं उभ्या राहा, मारायचंय."

सर हसले नाहीत. ते माझ्या दोरीकडे बघत होते. "थांबलेल्याला मारायची सवय मीच लावली हिला," ते म्हणाले. त्यांनी खाली बसून दोरी सोडली. निनाद सरांशीही ठरवून आले. भूमिती सहापर्यंत, त्यानंतर इतिहास. इतिहासाला भूकंप चालतो.

मला वाटलं, आता आपले दिवस आले. दुसऱ्याच दिवशी तो चेंडू आला.

लाल, माझ्या मुठीएवढा. मला मूठ नाही, पण असती तर तेवढाच. वरून एक रबर, खालून एक रबर, मध्ये हा. त्याला मारलं की तो मागे जातो आणि येऊन थेट नाकावर बसतो. पहिल्याच दिवशी हादियाच्या नाकावर बसला. आणि ती काय म्हणाली? "बदमाश कुठला." हसत. मित्रांनो, मी तिचा एवढा मार खाल्ला, मला ती कधी बदमाश म्हणाली नाही.

त्या चेंडूच्या पोटात आहे काय? हवा. माझ्या पोटातल्या जाळ्यांनी निदान समुद्र तरी पाहिलाय.

महिनोन्‌महिने ती त्याच्याचसमोर नाचत होती. डोकं चुकव, पाय सरकव, हलका डावा, पुन्हा पाय. मी पंख्याच्या वाऱ्यावर एकटीच झुलायचे. माझ्यावर हातांना गुंडाळायच्या ओल्या पट्ट्या वाळत घालायला लागले. वय वाढल्याने पुढच्या वर्षी तिचा गट बदलणार होता. या गटातून जिल्ह्याच्या संघात जायची ही शेवटची संधी, हे मलाही कळत होतं. म्हणून मी गप्प होते. शिवाय मला बोलता येत नाही.

"सर, आणि माझा उजवा?" एकदा तिने विचारलं. मी कान टवकारले.

"आहे तो. कुठे जात नाही. खिशात ठेव."

बॉक्सिंगच्या चड्डीला खिसा नसतो. पण सरांना कोण सांगणार?

पुन्हा अलिबाग, पुन्हा ऋचा. दुसऱ्या दिवशी सगळे सरांच्या फोनभोवती गोळा झाले आणि माझ्याच शेजारी उभं राहून सामन्याचं चित्रण बघू लागले. हादिया डाव्या हाताने टिपत होती, सरकत होती, पुन्हा टिपत होती. ऋचाचे दोन्ही हात गालाला चिकटलेले. उजवा एकदाही आला नाही. हादिया गुणांवर जिंकली, जिल्ह्याच्या संघात गेली. तिच्या अम्मीने, अस्माआंटींनी, डबाभर सांदणं पाठवली होती. प्राचीने एक सांदण चेंडूला टेकवलं आणि मग खाल्लं. चेंडूला तोंड नाही. मलाही नाही, पण विचारायला काय जातं?

सर चित्रण बंद करायला विसरले होते, त्यामुळे फोनवर सामन्यानंतरचंही दिसत होतं. ऋचा हातमोजे काढत हादियाजवळ आली.

"ए, तुझा उजवा कुठे होता?"

"सर म्हणाले, राहू दे."

"राहू दे काय? गेल्या वर्षी तो माझ्या कानाजवळून गेला होता, वारा अजून आठवतोय. आज तिन्ही राउंड त्याचीच वाट बघत हात वर धरून उभी होते. एकदा मारला असतास तर सुटले असते बाई."

सरांनी फोन खिशात टाकला. मग हादियाने माझ्याकडे पाहिलं. चेंडूकडे नाही. माझ्याकडे.

तिला जवळ जायला चेंडूने शिकवलं, हे मी मान्य करते. एकदाच, आणि हळू आवाजात. पण जिच्या भीतीने ऋचाचे हात खाली आले नाहीत, ती ताकद माझ्या पोटात वाढली होती.

हादियाने माझ्यावरच्या पट्ट्या काढून बाकावर ठेवल्या आणि उजवा मारला. मी मागे गेले, जोरात परत आले. ती बाजूला झाली. मी जाताना पुन्हा एक ठोसा. मित्रांनो, इतक्या दिवसांत आम्ही पहिल्यांदा एकमेकींशी खेळलो. भिंतीपलीकडचा इतिहास हादरला असेल, पण कुणी आलं नाही. निघताना तिने माझ्यावर तळहात टेकवला आणि माझं झुलणं थांबेपर्यंत उभी राहिली.

तेवढीच विनंती आहे. ज्याच्यावर हात मजबूत केलेत, त्याला तसंच झुलत सोडून जाऊ नका. झुलताना प्रत्येक वेळी वाटतं, कुणीतरी परत येतंय. जाण्याआधी क्षणभर तळहात ठेवा.

चेंडूलाही थांबवा. माझ्यानंतर.