शेपटी माझी होती

मित्रांनो, धाराशिवजवळच्या एका कॉलेजात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीलगत बसलेला मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझी भिंगं अंबाल्याच्या कारखान्यात घासली गेली. लाकडी पेटीत, भुशात बसून मी इथं आलो, तेव्हा माझा थाट काय सांगू! पोरं हात धुऊन मला शिवायची. पुढं विजेवर चालणारी नवी यंत्रं आली आणि मी कोपऱ्यात पडलो. खोटं कशाला बोलू, मला राग आला होता.

तरी गौरीशंकर सर पहिल्या वर्षाच्या पोरांना माझ्याकडेच पाठवायचे. त्यांची शिकवण एकच, ‘पुस्तकातलं मला पाठ आहे, तुम्हाला काय दिसलं ते सांगा.’ पण पोरं लई हुशार! सरांसमोर ‘नाही’ कसं म्हणायचं, म्हणून डोळा लावायचा, ‘दिसलं सर’ म्हणायचं आणि मागच्या वर्षीच्या जर्नलमधून चित्र उतरवायचं.

एकदा कुणीतरी माझं आयपीस, म्हणजे डोळा लावायचं वरचं भिंग, ओढणीनं पुसलं. एक धागा आत अडकला. तेव्हापासून बघणाऱ्याला पॅरामिशियम या पाण्यातल्या एकपेशीय जिवामागं एक बारीक वाकडी रेघ दिसायची. एकानं ती शेपटी म्हणून काढली. दुसऱ्यानं त्याच्यावरून उतरवली. सात वर्षं जर्नलांमधून ती शेपटी वळवळत राहिली, आणि गठ्ठ्यानं जर्नलं तपासणाऱ्या सरांची सही तिच्याखाली होत राहिली. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

सर दर उन्हाळ्यात एकाच विद्यार्थ्याला संशोधनाला घेत. येडशीच्या रामलिंगाच्या देवळाजवळच्या झऱ्यातलं पाणी आणायचं आणि त्यातले सूक्ष्म जीव बघून नोंदवायचे. यंदा तिघं आली होती, श्रीनाथ, मोनिका आणि बेंबळीची हर्षाली. हर्षालीच्या वडिलांनी, बब्रुवान यांनी, घरी स्पष्ट सांगितलं होतं की ही जागा मिळाली तर एम.एस्सी. कर, नाहीतर शिवणक्लास बरा. बिचारीचा सगळा जीव त्या एका जागेवर टांगलेला होता.

सरांनी माझ्याखाली पॅरामिशियमची तयार स्लाइड ठेवली आणि काय दिसतं ते सांगायला लावलं. श्रीनाथनं शेपटीसकट वर्णन केलं. मोनिकानंही तेच सांगितलं. हर्षाली मात्र बराच वेळ वाकून राहिली. तिनं माझं आयपीस हळूच फिरवलं, परत फिरवलं. माझ्या पितळी अंगाला घाम फुटायचाच बाकी होता.

“सर, ह्याला शेपटी न्हाय,” ती म्हणाली.

“मग तू जर्नलमध्ये काय काढलं होतंस?”

“शेपटीच. मी नक्कल केली होती, सर. आत्ता आयपीस फिरवलं तर शेपटी फिरली, पण जीव जागचा हलला न्हाय. शेपटी ह्या सूक्ष्मदर्शकाची हाय.” तिनं आयपीसवरचा हात काढला. “आणि तुम्ही तिच्याखाली सही केलीय.”

आता गेली हिची जागा, असं मलाही वाटलं. सरांनी स्वतः डोळा लावला, आयपीस फिरवलं. मग हर्षालीचं जुनं जर्नल मागवलं आणि सगळ्यांसमोर आपल्याच सहीवर लाल काट मारली. “सात वर्षं मीच बघितलं नाही,” ते एवढंच म्हणाले. मग तिला सांगितलं, की सोमवारी सकाळी येडशीला निघायचं, बाटल्या धुऊन आण.

हर्षाली रडली, अगदी मोकळेपणानं. मी लाजलो होतो, पण सुटलोही होतो. दुपारी तिनंच चिमट्यानं तो धागा काढला.

मित्रांनो, मला ओढणीनं, रुमालानं पुसू नका. भिंगं पुसायचा मऊ कागद असतो, तो वापरा. आणि दिसलं नाही तर खुशाल ‘नाही दिसलं’ म्हणा. आम्हा यंत्रांना आपली चूक कबूल करता येत नाही. ती तुम्हालाच शोधावी लागते, आणि कधीकधी सरांनाही सांगावी लागते.