पहिलं नाव सरांचं

त्या सकाळी भाऊंनी नेहमीप्रमाणे ताईंच्याच थर्मासमधला चहा ओतून घेतला. संगणकशास्त्र विभागातल्या एका खोलीत दोघांची टेबलं शेजारीशेजारी होती, आणि न विचारता चहा घेण्याइतका घरोबा होता.

"आज तुम्ही समितीत! म्हणून साखर जास्त घातलीय बरं का," ताई हसून म्हणाल्या. त्यांना नोकरीत कायम करायचं की नाही, हे आज ठरणार होतं. नाही ठरलं तर नोकरीच जाणार, आणि घरी अंथरुणाला खिळलेली आई.

या विभागात एक रीत होती. हाताखालच्यांनी मर मर मरून शोधनिबंध लिहायचा आणि पहिलं नाव विभागप्रमुखांचं घालायचं. सर त्याला आशीर्वाद म्हणत. प्रोग्राममधल्या चुका आपोआप हुडकून काढणारी ताईंची पद्धत सगळीकडे वाखाणली गेली, तीही सरांच्याच नावाने.

समितीतल्या बाहेरच्या तज्ज्ञांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "पहिलं नाव सगळीकडे सरांचं. मग या बाईंचं स्वतःचं असं काय?"

"मेहनती आहे हो," सर चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "पण सांगितल्याशिवाय काही सुचत नाही तिला."

ज्याने काम लाटलं तोच न्याय करायला बसला होता, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटलं नाही!

तज्ज्ञ भाऊंकडे वळले. "तुम्ही शेजारी बसता. खरं काम कोणाचं?"

भाऊंना सगळं ठाऊक होतं. पण त्यांची बढती सरांच्या हातात होती.

"सगळ्यांनी मिळून केलंय."

ताईंचा निकाल तिथेच लागला. भाऊंसारखी भली माणसंच असल्या रीती जिवंत ठेवतात.

दुपारी सरांनी भाऊंच्या पाठीवर थाप मारली. "तिचं अर्धवट राहिलेलं काम आता तुम्ही पुरं करा. पहिलं नाव कोणाचं ते माहीत आहेच."

भाऊंनी तो प्रोग्राम उघडला. ओ की ठो कळेना. शेजारी ताई खोक्यात पुस्तकं भरत होत्या. शेवटी लाज गुंडाळून ठेवून भाऊंनी विचारलं, "ताई, एवढं जरा समजावून देता का?"

ताईंनी थर्मास पिशवीत घातला.

"तुमचं वाक्य सरांनी मला जसंच्या तसं ऐकवलं, भाऊ. सगळ्यांनी मिळून केलंय ना? मग तुम्हाला येतच असेल."

त्या गेल्या. पुढच्या शोधनिबंधावरचं पहिलं नाव आधीच ठरलेलं होतं. तो लिहिणारं माणूस मात्र त्या खोलीत उरलं नव्हतं.