लिफ्टमनच्या रेझरचे मनोगत

मित्रांनो, न्हाणीघरातील आरशाखाली काचेची एक फळी आहे. तिच्यावर साबणाच्या वाटीला टेकून जो जुना रेझर उभा आहे, तो मीच. माझा दांडा पितळेचा असून, जेथे अंगठा टेकतो तेथील चकाकता मुलामा पार उडाला आहे व आतील पिवळे पितळ उघडे पडले आहे. पाहुणे त्यास डाग समजतात. मी त्यास माझी कमाई समजतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वरची टोपी, मधली दातेरी पट्टी आणि खालचा दांडा, असे माझे शरीर तीन भागांचे आहे. टोपीखाली पाते ठेवून दांडा पिळला, की पाते किंचित वाकते व त्याच्या दोन्ही धारा केसभर बाहेर डोकावतात. केसभरच! ज्या कामगार बाईंनी मला घासून लखलखीत केले, त्यांनी डबीत ठेवण्यापूर्वी माझे दाते आपल्या मनगटावर फिरवून पाहिले. "जा बाबा, कुणाचं रक्त काढू नकोस," असे म्हणून त्यांनी झाकण लावले. त्यांची ती इच्छा मला पूर्णपणे पाळता आली नाही, हे मी प्रांजळपणे कबूल करतो.

एका मामाने मला आपल्या भाच्यासाठी खरेदी केले. भाचा एका उंच कचेरीत लिफ्टमन म्हणून नुकताच लागला होता.

"लिफ्टमध्ये माणसं नाकाला नाक लावून उभी राहतात," मामा म्हणाला. "तुझे खुंट त्यांनी का बघायचे? घे, फेस लाव."

भाच्याने मला मुठीत आवळले व गालावर जोर लावला.

"अरे, दाढी करतोयस की करपलेलं पातेलं खरवडतोयस? हात सैल सोड. वजन त्याचं त्याला आहे!"

परंतु तोवर हनुवटीवर रक्ताचा थेंब उगवला होता. तेथे वर्तमानपत्राचा कपटा चिकटवून भाचा कामावर गेला. हळूहळू मात्र त्याचा हात वळला. कोन कसा धरावा, फेस केव्हा झटकावा, वरच्या ओठापाशी श्वास का रोखावा, हे सारे त्यास उमगले. कचेरीत त्याचे नावच 'गुळगुळीत' पडले. "गुळगुळीत, पाचवा मजला," असे लोक म्हणत आणि लिफ्टच्या आरशात हळूच आपले गाल त्याच्या गालाशी ताडून पाहत. तो प्रशंसेचा काळ होता, मित्रांनो. त्याचे लग्न झाले, मुलगा झाला, केस पिकले. मी मात्र दररोज सकाळी त्याच्या हातात होतो.

पुढे तो निवृत्त झाला आणि त्याच्या हातास कंप सुटला. नंतर मानही थरथरू लागली. माझ्याकडून त्याचा गाल वारंवार कापला जाऊ लागला. एके दिवशी त्याने मला धुतले, पुसले आणि पुन्हा उचलले नाही. गालांवर पांढरे खुंट वाढले. बागेतील बाकावर जुन्या सोबत्यांमध्ये बसणेही त्याने सोडून दिले.

मुलगा मायाळू होता. त्याने बॅटरीवर चालणारे यंत्र आणले. "बाबा, नुसतं फिरवायचं. कापायची भीतीच नाही."

"हे गालावर गुणगुणतंय चांगलं," गुळगुळीत म्हणाला, "पण दाढी कधी करणार?"

यंत्र गेले कपाटात, आणि मी मात्र बिघडलेले दिवे व वाकडे चमचे यांच्यासह भंगाराच्या खोक्यात गेलो.

अशातच कचेरीतील जुना शिपाई घरी आला. जुनी लिफ्ट काढून नवीन बसणार होती. "शेवटची फेरी तुम्हीच मारायची, गुळगुळीत. शनिवारी. सगळे थांबणार आहेत."

गुळगुळीतने हनुवटी तळहाताने झाकली व "बघू" एवढेच म्हटले. शिपाई गेल्यावर तो बायकोस म्हणाला, "मी नाही जाणार. असल्या तोंडाने त्या आरशासमोर उभा राहू?"

"मग न्हाव्याकडे जा."

"तो माझं डोकं धरून ठेवतो, लहान पोराचं धरतात तसं. चार लोकांसमोर! नको गं."

ह्या बाई घरी शाळेचे गणवेश शिवीत व मुलींना शिवणही शिकवीत. त्यांनी खोके उपसले, मला बाहेर काढले व नवऱ्यासमोर धरले.

"शिकवा मला."

"तुला?"

"आयुष्यभर कॉलरी कापल्या या हातांनी. तुमचा गाल काय मोठा लागून गेलाय?"

येथेच त्यांची चूक झाली. त्यांनी नवऱ्याचा गाल कापडासारखा ताणला आणि जणू खडूची रेघच आखली आहे अशा थाटात, कानापासून हनुवटीपर्यंत मला एका दमात ओढले.

"आई गं! अगं, कापड नाही ते!"

"मग हलता कशाला?"

"मी हलतोय का? ती मान हलतेय."

बाईंनी जखमेवर तुरटी लावली. मला वाटले, आता पुन्हा खोक्यात. परंतु दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या आणि घाबरून मला अधिकच दाबू लागल्या.

"थांब," गुळगुळीत म्हणाला. "मशीनखाली कापड सरकवताना मुलींना तू काय ओरडतेस?"

"ढकलू नका, मशीन आपणहून ओढून घेतं."

"मग इथे का ढकलतेस?"

बाईंनी मूठ सोडली. मला चिमटीत धरून त्यांनी करंगळी नवऱ्याच्या हनुवटीवर टेकवली. आता हनुवटी हलली, की त्यांचा हातही तितकाच हले. आणि दोघेही हलत असताना माझ्या धारेखाली मात्र गाल स्थिर होता! मी आपल्या वजनाने अलगद उतरलो. खुंट खसखसत निघाले.

"आता खालच्या मजल्यावर," गुळगुळीत सूचना देऊ लागला. "सावकाश. हनुवटी म्हणजे तळमजला, तिथे धक्का बसतो."

"प्रवाशांनी बोलू नये," बाई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी दाढी झाली. रक्ताचा टिपूसही आला नाही. जबड्याखाली चार केस तेवढे राहिले होते. मला ते ठाऊक होते. गुळगुळीतने गालांवरून हात फिरविला आणि त्याचे बोट नेमके तेथे अडले.

"राहिलं का काही?" बाईंनी विचारले.

"छे! झकास झालंय," तो म्हणाला आणि इस्त्रीचा सदरा चढवून गेला.

सायंकाळी तो परतला तेव्हा न्हाणीघराचे दार उघडेच होते.

"काय म्हणाले सगळे?"

"विचारत होते, कोणत्या न्हाव्याकडे जाता."

"मग?"

"म्हटलं, ती बाहेरचं गिऱ्हाईक घेत नाही."

मित्रांनो, काम झाल्यावर आम्हांस धुऊन कोरडे करावे, बोथट पाते वेळीच बदलावे, एवढी सेवा तर आमची कराच. पण माझी खरी विनंती निराळी आहे. एखादी वस्तू टाकून देण्यापूर्वी पाहा, की वस्तू थकली आहे की हात. हात थकला असेल, तर शेजारचा हात शिकवून पाहा. शिकताना थोडे रक्त येईल, थोडी बोलणी बसतील. ती सोसावीत.

आता मला रजा द्या. पाणी तापले आहे, बाईंनी बाह्या वर सारल्या आहेत, आणि प्रवासी खुर्चीत बसून आतापासूनच बोलू लागला आहे.