अंगाचा होकार

वेंडेल हॅस्किन्सने तीस वर्षं सेबास्टोपोल गावातल्या घरांतले तुंबलेले पाइप मोकळे केले, आणि सत्तावन्नाव्या वर्षी त्याच्या मनाने घेतलं की आता माणसं मोकळी करावीत. इथेच त्याचं चुकलं, असं त्याची शिक्षिका ज्युनिपर म्हणे. माणूस म्हणजे तुंबलेला पाइप नव्हे. सोमॅटिक बॉडीवर्क या स्पर्शोपचारात काही दुरुस्त करायचं नसतं. हात ठेवायचा आणि समोरच्याचं अंग काय म्हणतंय ते ऐकायचं.

"आणि मग करायचं काय?" त्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"काहीच नाही."

"तेवढ्यासाठी दोन वर्षांचा कोर्स?"

अख्खा वर्ग हसला होता, एक ज्युनिपर सोडून. पण वेंडेल टिकला. आयुष्यभर त्याच्या हातांना सगळ्यांनी 'लवकर, लवकर' म्हटलं होतं. 'सावकाश' म्हणणारी ही पहिलीच जागा, आणि ती त्याला मनापासून आवडली होती.

परीक्षेचं मात्र जमेना. पहिल्या खेपेला हाताला स्नायूची गाठ लागली आणि गडी ती सोडवायलाच बसला. नापास. दुसऱ्या खेपेला टेबलावरचा माणूस 'हो, ठेवा हात' म्हणाला, वेंडेलने ठेवला, आणि त्या माणसाची पावलं आखडली होती ती याला दिसलीच नाहीत. ज्युनिपरने त्याला समोर बसवून सांगितलं, "तोंड भिडेपोटी हो म्हणतं, वेंडेल. अंगाला भीड नसते. अंगाचा होकार ऐक." आज तिसरी खेप होती. चौथी खेप शाळा कुणालाच देत नसे.

आज टेबलावर होती लोर्ना पेट्री. वय एकाहत्तर, उभी हयात शाळेची बस चालवण्यात गेलेली. सरावासाठी माणसं हवीत, अशी चिठ्ठी वाण्याच्या दुकानात वाचून आली होती. ज्युनिपर कोपऱ्यात कागद घेऊन बसली.

"खांद्यावर हात ठेवू का?" वेंडेलने विचारलं.

"ठेव की."

हात दोन बोटांच्या अंतरावर आला आणि लोर्नाचा खांदा लाकडासारखा झाला. श्वास थांबला. वेंडेलने हात मागे घेतला.

"आत काय होतंय?"

"काही नाही. ठेव तू."

पुन्हा तेच. मग त्याने तिला कुशीवर व्हायला सांगून पाठीचं विचारलं.

"हो रे बाबा, हो!"

पाठही ताठ. आता खरं कुणाचं धरायचं, तोंडाचं की पाठीचं? त्यात त्याला शंका आली की थांबलेला श्वास आपलाच तर नव्हता? आठवून पाहिलं, आठवेना. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत झाली. शेवटी तो स्टुलावर बसला, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "मी इथेच आहे. घाई नाही." उरलेला पाऊण तास त्याने तिला बोटही लावलं नाही. लोर्ना पुन्हा उताणी होऊन छताकडे बघत पडून राहिली. उठली तेव्हा तिचे डोळे ओले होते, आणि ज्युनिपरने ते लिहून घेतलं.

"अप्रतिम!" लोर्ना बाहेर गेल्यावर ज्युनिपर म्हणाली. "दोन वर्षांत आज तू पहिल्यांदा ऐकलंस. टेबल आवर, तोवर मी सही करते."

वेंडेलच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चादरी घेऊन तो बाहेर आला तर लोर्ना तिच्या गाडीपाशी उभी होती.

"काय रे," ती म्हणाली, "माझ्या अंगाला वास येतो का?"

"छे छे! असं काय म्हणता?"

"मग लावला का नाहीस हात?"

"तुमचं अंग आखडत होतं. मला वाटलं, आतून नको म्हणतंय."

"आखडेल नाही तर काय! डग, माझा नवरा, जाऊन चौदा महिने झाले. चौदा महिन्यांत मला हात लावला तो फक्त दातांच्या डॉक्टरने. रडू फुटेल म्हणून श्वास धरून पडले होते मी. आणि तू आपला हात खाली आणतोस आणि मागे घेतोस. तीनदा!"

"पण तुम्ही बोलायचं होतंत."

"बोलले की! 'हो' म्हणाले. याहून मोठ्याने कसं म्हणायचं असतं?"

जे केल्याबद्दल सही मिळणार होती, त्यानेच ही बाई दुखावली होती. त्याला भयंकर लाज वाटली.

"आत चला, पुन्हा करू," तो म्हणाला, आणि लगेच त्याला आठवलं की खोलीत पुढच्या परीक्षेचा माणूस येऊन बसला असणार. "नाहीतर इथेच..."

"खोलीबाहेर हात लावला तर शाळेतून नाव कमी. दारावर लिहिलंय, मी वाचलंय." लोर्नाने शाळेकडे पाहिलं. खिडकीत ज्युनिपर उभी होती, हातात कागद. "जाऊ दे. तुझी सही होऊ दे." ती पाठ फिरवून पिशवीत किल्ली शोधू लागली. बराच वेळ तिला ती सापडेना.

वेंडेलने चादरी गाडीच्या टपावर ठेवल्या.

"पाठीवर ठेवू?"

"ठेव," ती वळून न बघता म्हणाली.

त्याने दोन खांद्यांच्या मधोमध हात ठेवला. पाठ तश्शीच ताठ झाली. श्वास थांबला. काढ, काढ, असं त्याचं दोन वर्षांचं शिक्षण कानीकपाळी ओरडत होतं. आणि तेवढ्यात दारातून ज्युनिपरची खरोखरचीच हाक आली.

"वेंडेल!"

त्याने ऐकली. आपण बरोबर करतोय की पुन्हा चुकतोय, त्याला काही म्हणता काही कळेना. त्याने हात काढला नाही.