भागीबाईचा शेवटचा नंबर

माझा नातू सार्थक जन्मला ते साल २०२३. त्या उन्हाळ्यात पेठकडच्या आमच्या गावात दर पंधरा दिवसांनी, मंगळवारी, दवाखान्यात फुकट उपचाराची कार्डं काढायला रांग लागे. रांगेत कार्डापेक्षा गवगवा दुसऱ्याच गोष्टीचा होता. गावचा जुना कॉम्प्युटर भुताळीण ओळखतो!

भागीबाई समोर बसली की पडदा निळा पडे आणि यंत्र बंद होई. असं चारदा झालं. तिच्या पोटात गाठ होती आणि कार्डाशिवाय ऑपरेशन होणार नव्हतं.

मल्हारी भगतानं कॉम्प्युटरच्या पेटीवर लिंबू ठेवून डोळे फिरवले. “पेटीतल्या देवाला हिचा वास येतो!” वीज गेली की तो देवही जायचा, पण भगताची कोंबडी ठरलेली.

भागी मला म्हणाली, “दादा, साठीत साक्षरता वर्गात आपण एका पाटीवर अक्षरं गिरवली. तू तरी सांग त्यांना.”

मी रांगेत पुढे सरकलो.

बारशाला माझी पुतणी निकिता आली. ती नाशकात द्वारका चौकाजवळ कॉम्प्युटर दुरुस्त करते. बुधवारी सकाळी तिनं गावच्या कॉम्प्युटरवर मेमरीची तपासणी लावली. दहा वाजेपर्यंत एकही चूक नाही.

भगत हसला. “भुताळीण घरी हाय, पोरी. काय दिसंल?”

“दुपार होऊ द्या, मामा.”

पत्रा तापला, पेटी तापली. दोन वाजता पडद्यावर लाल ओळी धावू लागल्या. भागीबाई तर घरी निजलेली.

आत मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. निकितानं एकेक पट्टी त्याच खाचेत बसवून पाहिली. एक तासभर बिनचूक चालली. दुसरी लावताच पुन्हा लाल ओळी.

“खाच तीच, म्हणजे दोष या पट्टीत. तापली की ठेवायला दिलेलं बिघडवते.”

“मग भागीच्याच येळी कशी बिघडायची?” भगत ओरडला.

निकितानं कॉम्प्युटर चालवणाऱ्या महेशला विचारलं, “तिचा नंबर कितवा असायचा?”

“शेवटचा. ती आधी बसली तर पेटी बाटंल, म्हणायचे लोक. अडीच-तीन व्हायचे.”

“दुपारी दुसऱ्या कुणाचं बंद पडलं?”

“वाळूभाऊचं दोनदा. तवा लाईट कमी हाय म्हणालो.”

भगतानं लिंबू उचलून खिशात घातलं.

खराब पट्टी काढली. दुसऱ्या दिवशी, भर तीन वाजता, भागीबाईचं कार्ड दहा मिनिटांत निघालं. नाशिकच्या डॉक्टरांनी गाठ पाहिली आणि म्हणाले, पसरली आहे, दोन महिने आधी आणायचं होतं.

यंत्र अडलं तर यंत्र उघडा, माणसात खोट शोधू नका. आणि तीच गोष्ट दुसऱ्याच्या वेळी घडली तेव्हा आपण काय म्हणालो, तेही आठवा. तिला शेवटी उभं देवानं केलं नव्हतं, आम्ही केलं. चारही मंगळवारी मी तिच्या पुढे उभा होतो.

भागीबाई पुंजा गावित १९ जुलै २०२३ रोजी वारली.