उल्हासचं टेकाड

शेवटच्या सामन्यात ग्वेल्फ गँडर्स अकरा-शून्यने हरले, लीगमध्ये तळाला गेले आणि त्यांच्या मैदानाची निगा राखणाऱ्या उल्हासची नोकरी गेली. पण हे झालंच नाही असं आपण धरून चालू. मे महिना आहे, बेसबॉलच्या मोसमाचा पहिला दिवस, आणि पिचर जिथून चेंडू फेकतो त्या मातीच्या टेकाडापाशी उल्हासने फोडलेला नारळ कुजका निघाला आहे.

“जीझस! काय घाण वास!” टेरेन्स सरांनी नाक दाबलं. सर मूळचे वसईचे, तीस वर्षं कॅनडात, आता स्टेडियमचे मॅनेजर. “कधी आणलास हा?”

“फेब्रुवारीत, सेलमध्ये. शेडमध्ये ठेवला होता.”

“उणे पंचवीसमध्ये? फ्रीझ होऊन फुटला असणार ना, येड्या!”

“कुजका निघणं शुभ असतं, सर. देवाला पोचला म्हणतात.”

“आमच्या देवाला नको पाठवूस.”

दोन वर्षांपूर्वीही गँडर्स तळालाच होते. गेल्या मोसमात उल्हासने हे टेकाड नव्याने बांधलं, आणि नव्या कामाला नारळ फोडायचा एवढं माहीत असल्यामुळे फोडला. संघ थेट चॅम्पियन! श्रेय पिचर, कोच आणि संघाचं बोधचिन्ह म्हणून बदकाचा पोशाख घालून नाचणारा माणूस यांनी वाटून घेतलं. यंदा पहिले सहा सामने हरल्यावर मात्र सगळ्यांना नारळ आठवला. खेळाडू सूर्यफुलाच्या बियांची टरफलं उल्हासच्या अंगावर थुंकू लागले. एक आजीबाई ‘नारळवाल्या, घरी जा’ असा फलक घेऊन यायच्या, आणि तो घरी निघाला की गेटच अडवून उभ्या राहायच्या.

ऑक्टोबरात त्याचं वर्क परमिट संपत होतं. पीआरला, म्हणजे कॅनडात कायम राहायच्या परवानगीला, अप्लाय करायला, हा माणूस इथे सुपरवायझर आहे, असं टेरेन्स सरांचं पत्र हवं होतं.

“सर, एक सहीच तर आहे.”

“टीम प्लेऑफला जाऊ दे, मग देतो.”

“मी बॅटिंग करत नाही, सर.”

“गेल्या वर्षी पण करत नव्हतास.”

उल्हास माती भिजवायला गेला.

मग न झालेला तो सामना झाला. टेरेन्स सरांनी हात पुढे केला. “किल्ल्या.”

“आणि लेटर?”

“कसलं लेटर? पुढच्या सीझनला माती ठोकायचं मशीन येतंय. ते लेटर मागत नाय.”

पिचरच्या बुटांच्या खिळ्यांनी टेकाडाला भगदाड पडलं होतं. उल्हासने ओली चिकणमाती भरली, धुमसाने ठोकली, तळहाताने सारखी केली आणि वर ताडपत्री ओढली. मग नोकरी सोडतानाचा फॉर्म घेतला आणि ‘इतर सूचना’च्या रकान्यात, फक्त सरांनाच वाचता यावं म्हणून, मराठीत लिहिलं:

“महोदय, सदर टेकाड मी स्वहस्ते दहा इंच उंच बांधलेले आहे. तरी पुढील मोसमापासून सर्व खेळाडूंनी त्यावर पादत्राणे काढून चढावे, ही नम्र विनंती.”